शेवटची सोळा पानं

सिद्धराम : ...सव्वासातला कुलूप काढलं. रोजच्यासारखा आधी वाचनकक्ष झाडून घेतला. शिंपडायला पाणी नाही, म्हणून केरसुणी जरा दाबूनच फिरवली, धूळ उडू नये एवढ्यासाठी. साडेसातला पेपर आले, तिन्ही दांडीला लावले. पावणेआठला टँकर आला असावा, कारण गल्लीतून घागरींचा आवाज सुरू झाला आणि चारही वाचक पेपर अर्धवट ठेवून उठून गेले. मग उदगीरच्या पहिल्या गाडीनं पार्सल आलं. कंडक्टरनं ते स्वतः आणून टेबलावर...

गुरम्मा : अण्णा, मी दुकानावर शेजारच्या दानम्माला बसवून आलेय. तिच्या हातात तराजू दिला की ती निम्मं गिऱ्हाइकाला देती आन् निम्मं सोता खाती. पेपर दांडीला कसे लावले ते सांगायला बोलावलंय का मला?

सिद्धराम : क्रमानं सांगतो आहे, अक्का. क्रम सोडला की माझ्याकडून एखादी गोष्ट निसटते.

गुरम्मा : सांगा क्रमानं. पण जरा बिगीबिगी.

सिद्धराम : पार्सल लातूरहून आलं. आपला जिल्हा होऊन दोन वर्षं झाली, पण जिल्हा ग्रंथालयाकडून पुस्तकं येण्याची ही पहिलीच वेळ. उस्मानाबादला होतो तेव्हा आपण नकाशाच्या कडेला होतो, आता निदान पत्ता बरोबर लिहिला आहे. तेवीस पुस्तकं निघाली. त्यांत एक ‘शनीचा टपालवाला’.

गुरम्मा : आपला टपालवाला? नवाकोरा?

सिद्धराम : नवाकोरा. दुसरी आवृत्ती.

गुरम्मा : मग एवढं तोंड पाडून का बसलाव? बरंच झालं की. आपली जुनी प्रत हळदीसारखी पिवळी पडलीय. निम्मे तेलाचे डाग तर माझ्याच दुकानातले हायेत. मी कुणाला करडईचं तेल देता देता पुस्तक काढून द्यायची ना, ‘हे वाच, हे वाच’ मनून.

सिद्धराम : किती जणांना दिलंत तुम्ही ते?

गुरम्मा : मोजले न्हाईत. मागच्या चिठ्ठीवर बगा की.

सिद्धराम : चिठ्ठी पाहिली. आपल्याकडे प्रत्येक पुस्तकाच्या मागं पुढच्या वाचकासाठी एक ओळ लिहायची पद्धत आहे. बहुतेक पुस्तकांवर चार-पाच ओळी असतात. टपालवाल्याच्या मागं मला तीन कागद जोडावे लागले. चौतीस शिफारशी. त्यांतल्या एकतीस जणांनी शेवटाबद्दल लिहिलं आहे.

गुरम्मा : शेवटच तसा हाय त्याचा.

सिद्धराम : रविवारी लातूरच्या मेळाव्यात तुम्ही जे वाचणार आहात, त्यातही शेवटावरच भर आहे ना?

गुरम्मा : तर काय? ‘माझी आवडती विज्ञान कादंबरी’ असा विषय होता. अख्ख्या जिल्ह्यातून पाचच लेख निवडले, त्यात एक किराणा दुकानदारीणबाईचा. सातवी शिकलेली. सगळ्या गल्लीला सांगून बसलेय मी. उद्या दुपारच्या गाडीनं निघायचं हाय. व्यंकट तर मनला, रोजगार हमीच्या मुकादमाकडून रविवारची सुट्टी काढतो आन् ऐकायला येतो.

सिद्धराम : व्यंकट दगडोबाचा? तो ‘हिमाखालची विहीर’वाला. त्याचा पक्ष वेगळा.

गुरम्मा : त्याला तेच पुस्तक आवडतंय. दिवसभर खडी फोडून आल्यावर बर्फ फोडणाऱ्या बाईची गोष्ट वाचतो. मला म्हणतो, ‘अक्का, लेखकानं कधी पहार हातात धरलेली न्हाई, पण बाई मात्र खरी लिहिलीय.’ तरी मी त्याला टपालवालाच आधी वाचायला लावला होता.

सिद्धराम : अक्का, तुमच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद म्हणून दाखवता का एकदा?

गुरम्मा : आता? मग तिथं शिळा वाटंल मला.

सिद्धराम : एकदाच.

गुरम्मा : बरं. ‘सहाव्या चंद्रावरची वस्ती तीन वर्षं उत्तर देत नाही. टपालवाला पत्रांची थैली घेऊन तिथवर जातो आणि दार ठोठावतो. आत कोणी जिवंत आहे की नाही, हे त्याला ठाऊक नाही. आपण पान उलटतो आणि पाणी वर येतं. वसुधा नावाची बाई पहिलं भांडं भरून म्हाताऱ्याच्या, म्हणजे टपालवाल्याच्याच, हातात देते. तू कोण, कुठून आलास, असं तिथं कोणी विचारत नाही. आमच्याकडेही दारात आलेल्याला आधी पाणी देतात, काम नंतर विचारतात. लेखकानं टपालवाल्याचं नाव त्यानंतर एकदाही घेतलेलं नाही. तहानलेल्या माणसाला नाव विचारायचं नसतं, हे त्याला माहीत असावं.’ बास. एवढंच.

सिद्धराम : फार चांगलं लिहिलं आहे.

गुरम्मा : तुमचा आवाज तर कुणी गेल्यासारखा येतोय.

सिद्धराम : ही नवी प्रत घ्या. एकशे शहात्तराव्या पानावर तो दार ठोठावतो. तिथपर्यंत सगळं आपलंच आहे. आता पुढचं पान वाचा.

गुरम्मा : एकशे सत्त्याहत्तर. ‘दार उघडलं. आत चाळीस माणसं एका दिव्याभोवती बसली होती...’ आँ? हा तर विहिरीचा शेवट हाय.

सिद्धराम : होय.

गुरम्मा : ती बाई बर्फ फोडत फोडत खाली जाती, शेवटचा घाव घालती, आन् मग दार उघडतं. खाली चाळीस माणसं बसलेली असत्यात. व्यंकटला तोंडपाठ हाय हे. छापखान्यावाल्यानं घोळ घातला बगा. लातूरला परत पाठवा हे पुस्तक, चुकीचं छापलंय मनून.

सिद्धराम : मीही सकाळी पहिल्यांदा हेच म्हणालो. परतीच्या पत्राचा मायनादेखील लिहून झाला होता. मग पुढचं पान वाचलं. वाचा.

गुरम्मा : ‘टपालवाल्यानं खांद्यावरची थैली उतरवली आणि एकेक नाव पुकारायला सुरुवात केली.’ हे बी विहिरीतच हाय.

सिद्धराम : बर्फाखालच्या विहिरीत टपालवाला कुठून आला, अक्का?

गुरम्मा : आम्ही म्हणत होतो, टपाल काय, कुठं बी जातंय.

सिद्धराम : आणि टपालवाल्याच्या पुस्तकात वसुधा कोण? पहिल्या एकशे शहात्तर पानांत हे नाव एकदाही येत नाही. विहिरीच्या पुस्तकात मात्र पहिल्या ओळीपासून तीच आहे. बर्फ फोडणारीचं नाव वसुधा.

गुरम्मा : थांबा. थांबा जरा. वसुधा दोन्ही पुस्तकांत हाय, ते आम्हाला ठाऊक होतं. तुम्हीच सांगितलं होतं की, लेखक एकच हाय, मनून एका पुस्तकातलं माणूस दुसऱ्यात जातं. गणपतीत भाषण केलं होतं तुम्ही. काय तो शब्द... ‘मुक्त रचना’.

सिद्धराम : ‘हेतुपुरस्सर खंडित केलेली मुक्त रचना.’ पाऊण तास बोललो होतो. औरंगाबादला एम.ए. केलं नसतं, तर पहिल्याच वाचनात मला शंका आली असती. शिकल्यामुळे मला शंकेऐवजी अर्थ सापडला.

गुरम्मा : म्हंजे पानं इकडची तिकडं झाली?

सिद्धराम : अकरा वर्षांपूर्वी वाळवी लागली होती, आठवतं? या दोन्ही पुस्तकांचे पुठ्ठे आणि शिवण खाऊन गेली. एकच प्रकाशक, एकच माला, एकच आकार, एकच कागद. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव छापलेलं नाही, नुसता आकडा आहे. सोळा पानांचा एक फर्मा असतो. दोन्ही पुस्तकांचा शेवटचा फर्मा एकशे सत्त्याहत्तर ते एकशे ब्याण्णव. मडिवाळप्पामामांनी दोन्ही एकाच दिवशी शिवली.

गुरम्मा : मडिवाळप्पामामांना मराठी अक्षर येत न्हाई.

सिद्धराम : आकडे येतात. कन्नड वाचतात, आणि मराठी आकडे ओळखतात. आकड्याला आकडा त्यांनी अगदी बरोबर जुळवला.

गुरम्मा : आन् अकरा वर्षं अख्खं गाव दुसऱ्याचाच शेवट वाचून राहिलंय.

सिद्धराम : चौतीस शिफारशी.

गुरम्मा : माझा लेख ज्यांनी निवडला, त्यांना कसं कळलं न्हाई मग?

सिद्धराम : परीक्षकांनी कादंबरी वाचलेली नसावी.

गुरम्मा : ते एक बरं झालं.

सिद्धराम : पण रविवारी सभागृहात वाचक असतील. ही आवृत्ती सगळ्या तालुक्यांच्या ग्रंथालयांत पोचली आहे. तुम्ही वसुधा म्हणाल, पाणी म्हणाल, आणि कोणीतरी उठून विचारील, बाई, हे कुठल्या पुस्तकात आहे? म्हणून क्रमानं सांगत होतो. सरळ सांगायचा धीर झाला नाही.

गुरम्मा : मी जात न्हाई मग.

सिद्धराम : अक्का...

गुरम्मा : न्हाई जात. अंगात कसकस हाय म्हणून तार करा. लातूरच्या लोकांनी मला हसावं एवढं माझं अडलेलं न्हाई. लग्न होऊन आले तवा घरात कन्नड, दुकानात मराठी. पुस्तक हातात घेतलं की सासू म्हणायची, गिऱ्हाइकी बुडवती. सामाजिक कादंबरी वाचली तर तिच्यात बी सासूच. मग तुम्ही हा टपालवाला दिला. शनीवर सासू न्हाई, उधारी न्हाई, नुसता एक माणूस आन् त्याची थैली. तवापासून वाचायला लागले. आन् तीच गोष्ट खोटी निघाली.

सिद्धराम : गोष्ट खोटी नाही निघाली. आज रात्रीत शेवटचा परिच्छेद बदलता येईल. खरा शेवट इथं आहे. सोळाच पानं आहेत. निदान वाचून तर पाहा.

गुरम्मा : वाचलाय की. विहिरीत.

सिद्धराम : विहिरीचा म्हणून वाचलात. टपालवाल्याचा म्हणून वाचा.

गुरम्मा : द्या इकडं.

(बराच वेळ फक्त पानं उलटल्याचा आवाज.)

सिद्धराम : कसा वाटला?

गुरम्मा : चांगला हाय. एकोणचाळीस जणांना पत्र येतं, एका म्हाताऱ्याला येत न्हाई. टपालवाला मागं सरून भिंतीशी बसतो आन् त्याच्यासाठी एक पत्र सोता लिहितो. चांगलंच हाय. विहिरीत वाचलं तवा मला वाटायचं, हा लिहिणारा कोण मधीच उपटला. आता बरोबर बसतंय.

सिद्धराम : मग यावरच लिहा. तुम्हाला एक तास पुरेल.

गुरम्मा : लिहिता येईल. पण अण्णा, मी ते लिहिलं तर तो लेख ‘माझी आवडती’ कसा होईल? मला आवडली ती पाणी देणारी. हा शेवट मला आत्ता भेटला. आत्ता भेटलेल्या माणसाला कुणी जिवलग म्हणतं का?

सिद्धराम : नाही म्हणत.

गुरम्मा : एक रस्ता हाय. सुरुवातीलाच सांगून टाकायचं. आमच्याकडच्या पुस्तकाला दुसऱ्याच पुस्तकाचा शेवट शिवलेला होता, अकरा वर्षं आम्ही तोच खरा धरून चाललो, आन् मला तोच आवडतो. आधी मीच सांगितल्यावर लोक हसतील, पण माझ्याबरोबर हसतील.

सिद्धराम : हे मला सुचायला हवं होतं. हेच सर्वांत प्रामाणिक आहे.

गुरम्मा : प्रामाणिक हाय, पण मडिवाळप्पामामांचं काय? शिवणारं माणूस या पंचक्रोशीत एकच हाय. मी नाव न्हाई घेतलं तरी व्यंकट तिथं बसलेला असणार. सोमवारी टँकरच्या रांगेत सगळ्यांना कळंल. म्हाताऱ्याला एकच अभिमान, चाळीस वर्षांत एक पान उलटं लागलं न्हाई. देवळापुढं बसून सांगत असतात.

सिद्धराम : मी त्यांना बोलावलं आहे.

गुरम्मा : काय?

सिद्धराम : साडेदहाला. दोन्ही पुस्तकं उसवून शेवटचे फर्मे अदलाबदल करून घ्यावेत, असं मनात होतं. कारण मात्र कळवलेलं नाही.

गुरम्मा : मग कारण सांगू बी नका. शिवण सैल झालीय म्हणा. मी माझं बगते, ताप आलाय म्हणून घरी बसते. तुम्ही पानं बदलून घ्या. विषय संपला.

सिद्धराम : खोटं बोलायचं?

गुरम्मा : पाऊण तास भाषण करताना बोललाव की.

सिद्धराम : ते अज्ञान होतं.

मडिवाळप्पा : काय भांडण चाललंय? पार पिंपळाखाली ऐकू येतंय.

गुरम्मा : या मामा. बसा. उन्हाचं आलाव.

मडिवाळप्पा : ऊन काय, दोन वर्षं झाली, ऊनच हाय. सिद्धराम, कुठली पुस्तकं? मी सुया आणल्या, दोरा आणला. खळ करायला मैदा आणला. मोरचूद बी हाय. वाळवीला नको का?

सिद्धराम : ही दोन, मामा.

मडिवाळप्पा : ही तर माझीच. काय झालं यांना?

गुरम्मा : शिवण सैल झालीय म्हणून...

मडिवाळप्पा : कुठं? दाखव. यव्वा, हा टाका बग. बोट घालून ओढ. ओढ की. सुटतो का? तुझ्या नातवाच्या लग्नापर्यंत सुटत न्हाई. पुठ्ठे तेवढे झिजले, पाठीचं कापड गेलं. शिवणीला काय झालं न्हाई. उगाच का बोलावलं?

सिद्धराम : मामा, मी सांगतो. अकरा वर्षांपूर्वी तुम्ही ही दोन्ही एकत्र शिवलीत. दोन्हींचा शेवटचा फर्मा एकमेकांत गेला आहे. याची पानं त्यात, त्याची यात.

मडिवाळप्पा : न्हाई.

सिद्धराम : आज नवी प्रत आली. तिच्याशी ताडून पाहिलं.

मडिवाळप्पा : आकडा चुकला का? बग आकडा. एकशे शहात्तर, मग किती हाय?

सिद्धराम : एकशे सत्त्याहत्तर. आकडा बरोबर आहे.

मडिवाळप्पा : दुसऱ्यात?

सिद्धराम : तिथंही एकशे सत्त्याहत्तरच.

मडिवाळप्पा : आकडा बरोबर हाय, आन् तरी चुकलं.

सिद्धराम : तुमची चूक म्हणता येणार नाही. मी ग्रंथपाल आहे. शिवून आल्यावर ताडून घेणं माझं काम होतं. मी घेतलं नाही, आणि नंतर वाचूनही मला कळलं नाही.

मडिवाळप्पा : तू वाचलं होतंस?

सिद्धराम : दोनदा.

मडिवाळप्पा : गुरम्मा, तू?

गुरम्मा : मी सात-आठदा वाचलं असंल, मामा. चौतीस जणांनी वाचलंय. कुणालाच कळलं न्हाई.

मडिवाळप्पा : एवढ्या शिकलेल्यांना कळलं न्हाई, म्हंजे गोष्ट तरी काय हाय? सांग मला. चाळीस वर्षं शिवतोय, आत काय असतं कुणी सांगितलं न्हाई कधी.

गुरम्मा : सांगते. एक टपालवाला हाय. आभाळात लांब शनी, त्याच्याभोवती चंद्र. एका चंद्रावरून दुसऱ्या चंद्रावर पत्रं नेतो. एक वस्ती उत्तरच देत न्हाई. तो तिथं जातो, दार ठोठावतो. इथं ते पुस्तक संपतं आन् तुमचा टाका येतो.

मडिवाळप्पा : मग?

गुरम्मा : मग दुसऱ्या पुस्तकातलं पाणी येतं. एक बाई भांडं भरती आन् म्हाताऱ्याला देती.

मडिवाळप्पा : दार ठोठावलं, पाणी दिलं. बरोबरच हाय की.

गुरम्मा : मला बी तसंच वाटलं, मामा. अकरा वर्षं.

मडिवाळप्पा : आन् दुसऱ्यात?

गुरम्मा : दुसऱ्यात तीच बाई. सगळीकडं बर्फ, पण प्यायला पाणी न्हाई. ती खाली खाली फोडत जाती. शेवटचा घाव घालती आन् तुमचा टाका येतो. मग दार उघडतं, आत चाळीस माणसं, टपालवाला सगळ्यांना पत्रं वाटतो.

मडिवाळप्पा : हे बी वाईट न्हाई.

सिद्धराम : वाईट नाही, मामा, पण लेखकानं असं लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही उसवून मूळ जागी...

मडिवाळप्पा : उसवायचं न्हाई.

सिद्धराम : का?

मडिवाळप्पा : कागद बग. वाळलेल्या पानावानी झालाय. दोरा ओढला की घडीवर फाटंल, सोळाच्या सोळा सुटी पानं हातात येतील. मी एकदा चुकलो, ते चालंल. आता जाणूनबुजून पुस्तक मारायचं न्हाई.

सिद्धराम : मग टपालवाला बाद करू. त्याची नवी प्रत आहे. विहिरीची मात्र नवी प्रत नाही. तिचा खरा शेवट फक्त या जुन्या टपालवाल्याच्याच पोटात आहे. म्हणजे हाही बाद करता येत नाही.

गुरम्मा : बगा. आता क्रमानं सांगा काय करायचं ते.

मडिवाळप्पा : दोन्हींचे पुठ्ठे काढतो. शिवणीला हात लावत न्हाई. हे खाली, ते वर, दोन्ही एकाच पाठीला घेतो. जाड कापडाची पाठ, नवा पुठ्ठा. एकच पुस्तक. ज्याला जो शेवट पाहिजे, तो त्यानं शोधावा. चार बोटं जाड होईल.

सिद्धराम : दोन नोंदणी क्रमांक आणि एक पुस्तक? तपासणीला आले तर काय सांगू? असं नियमात बसत नाही, मामा.

मडिवाळप्पा : नियमात वाळवी बसते का?

गुरम्मा : कुठलं आधी ठेवणार, मामा?

मडिवाळप्पा : तू सांग. मला काय कळतंय.

गुरम्मा : टपालवाला आधी. मग... थांबा. अण्णा, ऐका. टपालवाला दार ठोठावतो. बाई पाणी देती. मग विहीर सुरू होती, म्हंजे ते पाणी कसं मिळालं त्याची सगळी गोष्ट. ती शेवटचा घाव घालती, आन् तवा कुठं दार उघडतं. पत्रं वाटली जातात. म्हाताऱ्याला पत्र मिळतं. संपलं.

सिद्धराम : पुन्हा सांगा.

गुरम्मा : ठोठावणं, पाणी, विहीर, दार, पत्रं.

सिद्धराम : दोन्हींची मिळून एकच कादंबरी होते. आणि काहीही गहाळ होत नाही.

गुरम्मा : आता गणपतीत ह्याच्यावर भाषण करू नका तेवढं.

सिद्धराम : नाही करणार. दोन्ही क्रमांक पाठीवर एकाखाली एक लिहीन. तपासणीला येणाऱ्यांना खरं ते सांगेन. चिठ्ठीचे तीनही कागद आत तसेच राहतील ना, मामा? लोकांनी लिहिलेले आहेत.

मडिवाळप्पा : राहतील. मधी शिवतो. पाणी हाय का जरा? खळ कालवायला. तांब्याभर न्हाई, अर्धा बास.

गुरम्मा : ह्या माठातलं घ्या, सकाळचंच हाय. अण्णा, मला कागद द्या. लेखाच्या वर चार ओळी घालायच्यात.

सिद्धराम : म्हणजे जाणार?

गुरम्मा : जाते. व्यंकटनं सुट्टी काढलीय, त्याचा एक दिवस कशाला वाया घालवू? ऐका. ‘आमच्या वाचनालयातल्या प्रतीला दुसऱ्या एका कादंबरीची शेवटची सोळा पानं शिवली गेली आहेत. हे आम्हाला परवाच कळलं. खरा शेवटही मी वाचला आहे, तो चांगला आहे. तरी मी आज ज्याबद्दल बोलणार आहे, तो आमच्या गावचा शेवट आहे. ज्यांना वाचायचा असेल, त्यांनी आमच्याकडे यावं.’

सिद्धराम : एक शब्दही बदलू नका.

गुरम्मा : शिवली गेली एवढंच लिहिते, मामा. कुणी शिवली, ते यात न्हाई. व्यंकटलाही सांगून ठेवते, गावात बोलू नको म्हणून.

मडिवाळप्पा : का?

गुरम्मा : का म्हंजे? दोन-तीनशे माणसं असतील तिथं.

मडिवाळप्पा : लिहिणाऱ्याचं नाव असतं का पुस्तकावर?

गुरम्मा : असतं.

मडिवाळप्पा : छापणाऱ्याचं?

सिद्धराम : असतं, मामा. आत, बारीक अक्षरात.

मडिवाळप्पा : मग शिवणाऱ्याचं बी येऊ दे एकदा. चूक केली तर केली. ती सोळा पानं तुला आवडली, का न्हाई?

गुरम्मा : आवडली, मामा.

मडिवाळप्पा : मग लिही.

गुरम्मा : नक्की? माघारी घेता येणार न्हाई. मी माईकवर वाचणार हाय.

मडिवाळप्पा : नुसतं मडिवाळप्पा नको. मडिवाळप्पा मलप्पा. गावाचं नाव बी घाल.

गुरम्मा : आडनाव?

मडिवाळप्पा : बाइंडर.

गुरम्मा : ‘...ही पानं मडिवाळप्पा मलप्पा बाइंडर यांनी शिवली.’ गावाचं नाव खाली घातलं. लिहिलं, मामा.

मडिवाळप्पा : वाच परत. जरा सावकाश.

गुरम्मा : ‘ही पानं मडिवाळप्पा मलप्पा बाइंडर यांनी शिवली.’

मडिवाळप्पा : हं. सिद्धराम, ते कापड इकडं सरकव. खळ सुकून राहिली.